एसेनकुलची माती

एसेनकुल दारू पीत होता तोवर गावाला तो आपला वाटत होता. बर्फात पडलेला दिसला की कोणीतरी खांद्यावर घालून घरी आणून टाकायचं. त्याची बायको, बुरुलचा तिचं नाव, काळानिळा डोळा घेऊन नळावर आली की बायका म्हणायच्या, "पुरुष आहे गं, पितो. येईल ताळ्यावर." मग तो खरंच ताळ्यावर आला, आणि गावाचं बिनसलं.

कारण तो ताळ्यावर आला येशूच्या नावानं, आणि गाव सारं मुसलमानांचं. शहरात वेल्डिंगच्या कामाला गेला होता, तिथं त्याला ती माणसं भेटली. उन्हाळ्यात सरोवराच्या गार पाण्यात बाप्तिस्मा घेऊन तो घरी परतला. बुरुलचाला वाटलं, ही नवी नशा. पण वर्ष सरलं तरी त्यानं हात उगारला नाही. संध्याकाळी खिडकीशी डोळे मिटून बसला की त्याचा चेहरा असा निवलेला दिसे, की तिला हेवा वाटायचा. पुढच्या उन्हाळ्यात तीही पाण्यात उतरली. खरं तर नवऱ्यासाठी. तिच्या आत काहीच निवलं नव्हतं. प्रार्थनेला बसली की दुकानातले टोमणेच कानात घुमायचे.

"काय गं, येशूची होऊन रशियन झालीस म्हणे! डुक्कर कधी शिजवतेस? आम्हाला वासाला तरी बोलाव!"

गुराख्यानं त्यांची गाय गावच्या कळपात घेणं बंद केलं. एसेनकुल हसून म्हणायचा, "बरं झालं, मीच चारतो. तेवढीच आमची दोघांची प्रार्थना."

दारू त्यानं सोडली होती, पण दारूनं त्याला सोडलं नव्हतं. थंडीत यकृतानं दगा दिला. शेवटच्या दिवशी त्यानं बुरुलचाला जवळ बोलावलं.

"मी गेलो की हे लोक माझ्या तोंडी काहीतरी घालतील. घालू देऊ नकोस. कुठंही पुर, पण खोट्यावर पुरू नकोस."

"बरं," ती म्हणाली. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

थोरला दीर तुरगुन यानं रिवाजाप्रमाणे अंगणात आपला लोकरीच्या जाड नमद्यांचा तंबू उभारला. मयत त्यात ठेवलं. आत बायकांनी हेल काढून रडायला सुरुवात केली, बाहेर पुरुष काठीवर वाकून हंबरडा फोडू लागले. शेजारणींनी पाव आणले. तेवढ्यात गावची वडीलधारी मंडळी आली आणि रडणं थांबलं.

"त्याला आमच्या कबरस्तानात जागा नाही," त्यांच्यातला एक म्हणाला. "बापजाद्यांचा धर्म सोडला त्यानं."

मुल्ला वयस्क आणि मऊ होता. वादाचा त्याला मनापासून कंटाळा होता. "तुरगुन," तो म्हणाला, "मरताना त्यानं कलमा म्हटला असेल तर माझी हरकत नाही. कोणी ऐकलाय का?"

 मग म्हातारी उठली. बुरुलचाची सासू, जिला ती आपा म्हणायची. आयुष्यभर कधी खोटं न बोललेली बाई.

"म्हटला," आपा म्हणाली. "माझ्या कानात म्हटला. माझं लेकरू परत आलं होतं."

साऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तरण्या पुरुषांनी फावडी उचलली. मुल्लानं उपचारापुरतं बुरुलचाकडे पाहिलं. "तू जवळ होतीस ना, मुली? ऐकलंस ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आपानं तिचा हात घट्ट धरला होता. ते बोटांनी विनवणं बुरुलचाला पुरतं कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "असं काही झालं नाही. तो येशूचाच होऊन गेला."

आपाचा हात सुटला. "कैदाशिणी!" ती ओरडली. "त्याच्या बापाशेजारी झोपला असता गं तो! एवढंच मागितलं होतं मी!"

मंडळी निघाली. शेजारणींनी पाव परत नेले. तुरगुन तंबू सोडू लागला. एकेक दोरी सोडताना तो ढसाढसा रडत होता, पण थांबला नाही. नमदे उतरले, लाकडी सांगाडा निघाला, आणि अंगणाच्या मधोमध, उघड्यावर, एसेनकुल तेवढा राहिला.

"दादा, निदान घरात तरी न्यायला हात लावा," बुरुलचा म्हणाली.

"तुझ्या येशूला बोलाव," तो म्हणाला आणि घोडागाडीत सामान भरून गेला.

शहरातल्या येशूच्या मंडळीतून तिघे आले. घरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात त्यांनी जागा निवडली. जमीन लोखंडासारखी गोठलेली. जुने टायर जाळून ती थोडी मऊ केली, मग कुदळी चालवल्या. बुरुलचाही खणत होती, काजळीनं काळी झालेली, तळहात फुटलेले. गुडघाभर खोल गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आत काहीतरी थांबलंय. टोमणे नाहीत, भीती नाही, काहीच नाही. "प्रभू," ती पुटपुटली, आणि पहिल्यांदा त्या शब्दापुढे कोणीतरी आहे असं तिला वाटलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते हेच. कुंपणापलीकडे आपा ऊर बडवत होती. ते ऐकू येत असतानाही ती शांती ढळली नाही, आणि बुरुलचाला आपलीच लाज वाटली.

बर्फ वितळल्यावर एकदा आपा कुंपणाशी आली. त्या दिवसापासून तुरगुनकडे राहून ती हाडांचा सापळा झाली होती. वाफ्याकडे न बघता तिनं विचारलं, "झोप लागते का गं तुला?"

"लागते, आपा."

"मला नाही लागत. तुझ्या देवानं माझी काढून तुला दिली. विचार त्याला, हा कुठला न्याय."

बुरुलचानं विचारलं, पुष्कळदा विचारलं. उत्तर काही आलं नाही.

गवत कापणीच्या सुमारास आपा गेली. बुरुलचाला कोणी बोलावलं नाही. ती आपणहून गेली तेव्हा तुरगुनच्या बायकोनं तिला फाटकातूनच परत पाठवलं. "मेल्यावर तरी सोड तिला," ती म्हणाली. पुरुष म्हातारीला टेकडीवरच्या कबरस्तानात घेऊन गेले. खाली वाटेवर उभी राहून बुरुलचानं सासूसाठी प्रार्थना केली. मन स्वच्छ आणि शांत होतं. आज तरी ते तसं नसावं, असं तिला फार फार वाटत होतं.