एकशे शहाऐंशी उतरले

"पहिल्या पावलाला पाणी कमरेइतकं लागलं म्हणून दहाव्यालाही तेवढंच लागेल असं धरून चालू नकोस, पोरी."

आम्ही बोटीवर राहायला आलो त्याच दिवशी आर्ची पेलिंगने मला हे सांगितलं होतं. कडेवर हेझेल, हातात रॉकेलचा स्टोव्ह, अशी मी फळीवरून चढत होते. एकट्या माणसाला काहीतरी बोलायला लागतं, असं मनाशी म्हणून मी हसले आणि पुढे गेले. मुलीच्या बाबतीत मी वाऱ्याच्या झुळकीलाही घाबरते. याच एका गोष्टीला घाबरले नाही.

आमची बोट म्हणजे युद्धातली, सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी नौका. त्यांना नाव नसायचं, नुसता नंबर. युद्ध संपल्यावर त्या भंगाराच्या भावात निघाल्या आणि आमच्यासारख्या बेघरांनी ससेक्सच्या खाडीत, चिखलात रुतवून त्यांची घरं केली. जिथे दोनशे माणसं मांडीला मांडी लावून ओकत बसली होती तिथे हेझेलचा पाळणा होता. लोखंडी भिंती सतत घामेजलेल्या. क्लिनिकमधलं माशाचं तेल आणि संत्र्याचा रस पाजूनही पोरीची छाती घरघरायची. कौन्सिलच्या घरांच्या यादीत आमचा नंबर दोनशे चौदावा होता.

आर्ची शेजारच्या छोट्या पडावात, एका जुन्या मालवाहू होडीत, राहायचा. पन्नाशीचा, दिसायला सत्तरीचा. दर भरतीला आमच्या फळीच्या टोकाशी यायचा, पाण्यात काठी बुडवायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा.

"सव्वाचार फूट."

"मग दूध काय पोहत आणू का, पेलिंग?" दूधवाला काठावरून विचारायचा.

"बाटल्या डोक्यावर घे. तसंही त्या डोक्याला दुसरं काम नाही."

फळीवरून कोणी उतरलं की आर्चीचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायचा. मोजायचा तो. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

चोपन्न सालच्या वसंतात कौन्सिलच्या मिसेस पेटिफर आल्या. नॉर्मंडीच्या स्वारीला दहा वर्षं होत होती आणि धक्क्यावर आमच्या नौकेच्या सेवेचा इतिहास लिहिलेला फलक लावायचं ठरलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकलेली, म्हणून मजकूर माझ्याकडे. नौदलाच्या कचेरीचं पत्र त्यांनी सोबतच आणलं होतं. कुठे बांधली, कोणत्या तुकडीत होती, आणि शेवटी: सैनिक उतरवले एकशे शहाऐंशी, जीवितहानी निरंक.

आर्ची याच नौकेवर खलाशी होता, हे मला त्याच आठवड्यात दूधवाल्याकडून कळलं. मी त्याला चहाला बोलावलं आणि पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"शिडीच्या तोंडाशी आमचा एक अंमलदार पाटी घेऊन उभा असायचा," तो म्हणाला. "सैनिकाने शिडीवर पाय ठेवला की एक रेघ. रेघ ओढली की माणूस उतरला. कशात उतरला, ते पाटीवर नसायचं."

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या आधी एका खलाशाने दोर घेऊन उतरायचं. पाणी किती ते ओरडून सांगायचं, मग दोर किनाऱ्याला बांधायचा. तो खलाशी मी. मी ओरडलो, कमरेइतकं. खोटं नव्हतं ते. मी वाळूच्या दांड्यावर उभा होतो. नौकाही दांड्यालाच लागली होती. त्याच्या पलीकडे खोल पाणी होतं, हे मला कळलं तोवर सैनिक माझ्या पुढे गेले होते. पाठीवर ओझं, पायात बूट. ज्यांच्या हाताला दोर लागला ते वाचले. किनाऱ्यावर पोचलेले मी मोजले. एकशे पंचावन्न."

स्टोव्हवरची किटली उतरवायचं मला सुचलं नाही.

"एक वाक्य लिही," तो म्हणाला. "एकतीस बुडाले म्हणून. हाक पेलिंगची होती, हेही लिही. दहा वर्षांत कुणी विचारलंच नाही बघ."

मी लिहिलं, दोन्ही वाक्यं. मिसेस पेटिफरनी ती पेन्सिलीने खोडली.

"कागदावर निरंक आहे ना, मिसेस कॉबी? मग झालं. बँड येणार, पाहुणे येणार. बायकामुलांपुढे हे कशाला उकरायचं?" मग त्या पाळण्याशी वाकल्या. "खोकला जुना दिसतोय. यादीत तुमचा नंबर कितवा म्हणालात?"

घरांची यादी त्यांच्याच समितीकडे होती. त्या एवढंच बोलल्या.

लेन, माझा नवरा, शर्टाची बाही दुमडत म्हणाला, "अगं, नौदलाचा कागद आहे. आपण कोण त्यांना खोटं पाडणारे? आणि ते एकतीस काही परत येत नाहीत. ही पोर इथे आहे."

मी स्वच्छ प्रत काढून दिली. अक्षर माझं चांगलं आहे.

जूनमध्ये फलक उघडला. आर्ची टाय बांधून आला होता. बँड गेल्यावर तो फलकापुढे उभा राहिला आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेला, शेवटपर्यंत.

"एकशे शहाऐंशी. सगळे उतरले म्हणायचे."

"मिस्टर पेलिंग, मी लिहिलं होतं. त्यांनी..."

"तुझ्या पायाखाली दांडा होता, पोरी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "माझ्याही होता."

दुसऱ्या दिवशी भरतीला काठी बुडाली नाही. तिसऱ्याही नाही. दूधवाल्याने एकदा हाक मारून पाहिली, मग बाटल्या ठेवून निघून गेला.

ऑगस्टमध्ये आम्हाला टेकडीवर घर मिळालं. दोन खोल्या, कोरड्या भिंती, गॅस. हेझेलची छाती मोकळी झाली आहे. हे मी लपवणार नाही. तसंच पुन्हा झालं तर मी काय करेन, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच झोप लागत नाही.

मी आर्चीकडे दोनदा जाऊन आले. आत चालल्याचा आवाज येत होता. माझा आवाज ऐकल्यावर तो थांबला. पत्रांना उत्तर नाही. आता दूधवाला कळवतो की बाटल्या दारातच राहतात, एक आत जाते, तीन राहतात, आणि धुराडं थंड असतं.

तुम्ही कधी त्या खाडीच्या बाजूला गेलात तर भरतीच्या वेळी जा. धक्क्यावरून डावीकडे, आमच्या रिकाम्या नौकेच्या शेजारचा हिरवा पडाव. माझं नाव घेऊ नका. फळीवर उभं राहा आणि विचारा, आज पाणी किती आहे. त्याने आकडा सांगितला तर ऐकून घ्या आणि निघा. नाही सांगितला, तर दार वाजवा, आणि उघडेपर्यंत तिथून हलू नका.