लाइन बंद असतानाची वीस मिनिटं

दुपारी तीन चाळीसला हरणाबाई कोळेकर घरात नसल्याचं लक्षात आलं. मंगळवार, १६ एप्रिल १९९६. पारा एकेचाळीसवर.

हरणाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. हयात आटपाडीच्या पूर्वेकडच्या माळावर मेंढरांमागे गेलेली. दोन वर्षांपासून त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण पाय थांबले नव्हते. याआधी दोनदा त्या हरवल्या. दुसऱ्या खेपेला दोन दिवसांनी सापडल्या, तेव्हा जीभ सुजलेली होती.

त्यानंतर त्यांच्या मुलाने, आकारामने, काडेपेटीएवढं एक यंत्र बनवलं. तो लष्कराच्या सिग्नल दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. यंत्रातून दर दोन सेकंदांनी एक पिप निघे. साध्या ट्रान्झिस्टरवर, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा लावला की ती दीड किलोमीटरपर्यंत ऐकू येई. आई अंगावर काही टिकू देत नसे. कमरेची पानतंबाखूची चंची मात्र सोडत नसे. त्याने यंत्र चंचीत शिवलं आणि त्याची एरियलची तार चंचीच्या नाडीतून ओवली.

शोधायची रीत अशी: ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवायचा. त्याचं टोक ज्या दिशेला असताना पिप बुडते, ती रेघ नकाशावर ओढायची. दोन जागांवरून दोन रेघा ओढल्या की त्या छेदतात तिथे आई.

सव्वाचारला आकाराम गावामागच्या टेकावर चढला. ट्रान्झिस्टरमधून नुसती तडतड येत होती. टेकाखालून डाळिंबाच्या बागांकडे विजेची लाइन जाते. तिच्या एका खांबावरचा, तार धरणारा चिनीमातीचा कप तडकला होता आणि तिथे ठिणग्या पडत होत्या. त्या गोंगाटात पिप बुडून गेली होती. शेतीची वीज सहापर्यंत असायची. तोवर थांबलं तर आई टप्प्याबाहेर जाणार, वर अंधार पडणार.

आकाराम खाली उतरला आणि वायरमन नाथाजीला गाठलं.

"लाइन बंद कर."

"हवालदार, माझ्या हातात हाय व्हय ते? सबस्टेशनला सांगाय लागतंय. अडतीस मोटारी चालू हायत. भर बहारात पाणी तोडलं तर लोक मलाच खांबाला बांधत्याल."

शेजारच्या विहिरीवरून लालासाहेब आले. सहाशे झाडांची बाग त्यांची.

"आकाराम, मिलिटरीत हेच शिकिवलं व्हय रं? म्हातारीच्या कमरंला रेडिओ बांधायचा?"

"वीस मिनिटं द्या, लालासाहेब."

"वीस कशाला? एकदा ऐक आन् हो मोकळा."

"एका जागंवरनं निस्ती रेघ मिळती. दुसऱ्या टेकावर जायाला पंधरा मिनिटं लागत्यात."

लालासाहेबांनी एकदा टेकाकडे पाहिलं. मग विहिरीवर जाऊन स्वतःची मोटार बंद केली.

"पंधरा पायी. माझ्या राजदूतवर चार. नाथाजी, फोन लाव. कोण बोललं तर माझं नाव सांग."

चार पंचावन्नला लाइन बंद झाली. माळ एकदम गप्प झाला. आकाराम पुन्हा टेकावर होता. चार अठ्ठावन्नला त्याला पिप मिळाली. त्याने घाई केली नाही. तीनदा ट्रान्झिस्टर फिरवला, तिन्ही वेळा एकच दिशा आली, तेव्हाच पेन्सिल टेकवली. खाली लालासाहेबांची राजदूत मोटारसायकल चालूच होती. पाच आठला दुसऱ्या टेकावरून दुसरी रेघ. तलाठ्याकडून उतरवून घेतलेल्या गावनकाशावर दोन्ही रेघा ओढ्यापलीकडच्या जुन्या दगडखाणीवर छेदल्या. पाच पंधराला लाइन चालू झाली आणि पुन्हा तडतड सुरू झाली. आकारामचा धाकटा भाऊ धनाजी चौघांना घेऊन खाणीकडे निघाला. ओढ्याचे काठ खोल तुटलेले, ओलांडायला पूल नाही, वळसा तासाभराचा.

"तू जात न्हाईस?" लालासाहेबांनी विचारलं.

"आई हलली तर त्यास्नी सांगणार कोण?"

त्याने मोठ्या पांढऱ्या फडक्याच्या दोन खुणा धनाजीशी ठरवल्या होत्या: डावीकडे, उजवीकडे.

सहाला ठरल्याप्रमाणे वीज गेली. दुसऱ्या टेकावरच थांबलेल्या आकारामला पिप स्पष्ट आली, खाणीच्या दिशेनेच. सहा दहालाही तिथूनच. फडकं हलवायची वेळ आली नाही. लालासाहेब म्हणाले, "सावलीला बसली असंल." आकाराम म्हणाला, "न्हाईतर चंची पडली असंल."

सहा बत्तीसला धनाजी खाणीच्या काठावर दिसला. तो वाकून खाली पाहत होता. पिप येत होती; चंचीपाशी आई आहे का, ते तिच्यातून कळत नव्हतं.