सोमवारचा पुकारा

मेलेल्या माणसाचं नाव भोंग्यावरून पुकारलं जातं आणि अख्खं गाव हातातला घास हातात धरून ऐकत बसतं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतं तर सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. सत्त्याण्णव साल होतं. जळगावच्या एका क्लासमध्ये मी पोरांना सी प्लस प्लस शिकवत होते. भुतंखेतं मानत असते तर रोज फ्लॉपीवरून लिंबू उतरवत बसले असते.

पण त्या सोमवारी दिवेलागणीला मी पुष्पाच्या ओट्यावर होते. पुष्पा माझी मावसबहीण, असोद्याच्या पुढच्या एका गावात दिलेली. तिथे दर सोमवारी केळी सोसायटीच्या भोंग्यावरून सभासदांची नावं पुकारतात, कोणाच्या बागेत कापणी कधी ते सांगायला. ज्यांची पाळी नाही त्यांचंही नाव घ्यावं लागतं, नाहीतर माणसं भांडायला उठतात. सेक्रेटरी जीवराम नाना वाचत होते. नावामागून नाव. आणि मग अगदी स्वच्छ आलं, "मगन पितांबर. पाळी नाही."

मगन म्हणजे पुष्पाचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पुष्पाच्या हातातली परात खाली पडली. ती आत पळाली आणि कान दाबून भिंतीला टेकून बसली. "अक्का, दर सोमवारी येतं वं. नाव आलं की मले वाटतं, अंगणात कोणी येऊन उभं राह्यलं." मी अंगणात बघितलं. तिचे सासरे पितांबर आबा भोंग्याकडे तोंड करून ताठ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते वाट बघत होते, आणि ते बघून माझ्याच अंगावर काटा आला.

मगन आणि त्याचा मोठा भाऊ भटू एकाच दिवशी गेले. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक भटूला लागला, मगन त्याला ओढायला धावला, दोघंही तिथेच. भटूमागे बायको आणि लहान लहान पोरं. मगनमागे एकटी पुष्पा, हातावरची मेंदी उतरून फार दिवस झाले नव्हते. दहाव्याला नदीवर दोन पिंड मांडले. भटूच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. मगनच्या काही शिवेना. ऊन चढलं, माणसं घामेजली, कोणीतरी म्हणालं याचा जीव बायकोत अडकलाय. शेवटी आबांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "मगन, तुझी पुष्पा या घरातून कुठी जानार नाही." आणि कावळा झडप घालून शिवला! झालं. सगळ्या गावादेखत दिलेला शब्द.

इकडे मावशीनं धरणगावच्या बन्सीलालशी पुष्पाचा पाट ठरवला. माणूस सरळ, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. पुष्पाचंही मन होतं, तिनं मला स्वतः लाजत सांगितलं होतं. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तिच्यानंतरचा दिवसही बघून ठेवला. आबा हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. आणि नेमकं तेव्हापासूनच भोंग्यावर मगनचं नाव यायला लागलं. भटूचं नाही हां, फक्त मगनचं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! भटू सुटला, मगन बायकोवर हक्क सांगतोय, असं जो तो म्हणायला लागला. बन्सीलालच्या आईनं तर निरोपच धाडला, आखाजीपर्यंत हे थांबलं नाही तर आम्ही दुसरी मुलगी बघू.

"डोंबलाचा हक्क!" मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तडक सोसायटीत गेले.

सोसायटीनं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. त्याआधी नाना मयतांची नावं हातानं खोडायचे. "माझा काय दोष, पोरी?" नाना रडकुंडीला आले. "दोघांच्याबी नावापुढे मयत लावेल हाये, पाहून घे. तरी कागदावर मगन येतोच. पहिल्या वेळी ओघात वाचून गेलो. मंग गाळायले गेलो तं जीभ धजेना. गाळलं अन् काही झालं म्हंजे?"

मी बघितलं. खरंच दोघांपुढे मयत होतं. मी छापून बघितलं. भटू गेला, मगन आला. पुन्हा छापलं, पुन्हा मगन. भर दुपार होती, बाहेर ट्रकमध्ये केळी भरत होते. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी घाबरले होते.

मग प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. लिहिणारा बाबा केव्हाच पुण्याला पळाला होता. त्यानं केलं होतं असं: दर सोमवारी सगळी नावं एका रांगेत भरायची, रांग लागेल तशी लांबत जाते. मग पहिल्या जागेपासून एकेक बोट ठेवत जायचं, मयत दिसला की रांगेतून काढायचा. वाचायला किती सोपं! पण एसटीच्या रांगेतून मधला माणूस बाहेर काढला की काय होतं? मागचा पुढे सरकून त्याच्या जागी येतो. आणि तपासणारा आपल्या तंद्रीत पुढच्या जागेकडे निघून जातो. सरकून आलेल्याकडे कोणी बघतच नाही. बाकीचे मयत सुटे सुटे होते, ते नीट निघायचे. हे दोघे भाऊ एकाच दिवशी सभासद झालेले, पाठोपाठचे. भटू निघायचा, मगन त्याच्या जागी सरकायचा, बोट पुढे जायचं.

मी त्या पुणेकराचा मनसोक्त उद्धार केला आणि ते बोटच नव्यानं लिहिलं. आमच्यात त्याला इटरेटर म्हणतात. रांगेला दुसऱ्या कोणी परस्पर हात लावायचा नाही, काढायचं ते या बोटानंच. आणि काढलं की पाऊल टाकायचं नाही. तिथंच थांबायचं, त्या जागी आता कोण आलंय ते बघायचं. तो राहणारा असला तरच पुढे. रांगेची लांबीही दर वेळी नव्यानं विचारायची, नाहीतर बोट शेवटाच्या पलीकडे जातं आणि मशीन बंद पडतं. माझंही एकदा पडलंच. शेवटी कागद निघाला. भटू नाही, मगनही नाही.

मी नाचतच घरी आले. ओट्यावर शेंगदाण्यांची रांग मांडून आबांना सगळं दाखवलं. त्यांना कळलं, चांगलं कळलं. मग म्हणाले, "मशीनचं समजलं मले. अन् कावळ्याचं? त्यालेबी मशीननंच धाडलं होतं का?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आबा!" मी तडकले. "तुम्ही हात जोडलेत, माणसं मागे सरली, म्हणून आला असेल तो. त्यापायी तिचा जन्म जाळणार का?"

"शब्द देल हाये," एवढंच म्हणून ते उठून गेले. पुष्पा दाराआड उभी होती. प्रोग्राम दुरुस्त झाला आणि तिचं काहीच सुटलं नाही. मला इतका संताप आला की ते शेंगदाणे मी उकिरड्यावर फेकून दिले.

पुढच्या सोमवारी क्लास बुडवून मी पुन्हा तिच्याकडे गेले. भोंगा सुरू झाला. आबा नेहमीसारखे अंगणात ताठ उभे. "पुना दगडू, बुधवार," नाना वाचत होते. आणि लगेच, "भागाबाई सुपडू, पाळी नाही." मधे मगनचं नाव नाही. पुष्पानं माझा हात घट्ट धरला.

आबा अनवाणीच निघाले. हाक मारली तर वळूनही बघितलं नाही. भोंग्यावर नावं चालूच होती. मग खरखर झाली, नानांचा आवाज आला, "अहो आबा, इथं कुठी..." आणि त्यावर आबांचा.

"थांब जीवराम. फुडचं नाव घेऊ नको. मगनचं काहून घेतलं नाही?"

"कागदावर नाही, आबा."

मग भोंग्यातून एक आवाज आला, तो रडण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला.

"भटूसाठी मी रडलो रे. त्याची पोरं पोटाशी धरून रडलो. मगन बाजूलेच पडेल होता. त्याच्याकडे मी पाह्यलंच नाही. त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं. म्हनून कावळा थांबला तव्हा मी भेलो. माझ्याजवळ त्याले द्यायले काही नव्हतं, तं मी पुष्पाचं आयुष्य देऊन टाकलं. ते माझं नव्हतं." श्वास लागला, मग पुन्हा आवाज आला. "समदं गाव ऐका. शब्द मी देल होता, मीच मांगे घेतो. पुष्पा जाईल. मगन, तुले राग आला तं माझ्याकडे ये, बाप्पा. तिच्याकडे जाऊ नको."

नानांनी भोंगा बंद केला नाही. आबा रडत राहिले, आणि गाव ऐकत राहिलं.

मी पुष्पाकडे बघितलं. वाटलं, आता हिचा बांध फुटेल, नाहीतर आनंदानं मला मिठी तरी मारेल. तिनं कान दाबले नव्हते. तिनं आबांच्या चपला उचलल्या, पदरानं पुसल्या आणि पायऱ्या उतरली.

"चल अक्का," ती म्हणाली. "आबा तिथं एकटेच रडू राह्यले."