मांदेलीचा श्रावण

आमच्या भांडुपच्या घरात श्रावण लागला की मासळीची भांडी माळ्यावर जातात, ती गणपती गेल्यावरच खाली येतात. माझी सून प्रेमा, तिने हा नेम कधी मोडला नाही. यंदा घरात मांदेली होती. मांदेली म्हणजे मांजरीचं पिल्लू, माझ्या नातीला, श्रुतिकाला, स्कूटरच्या डिकीत सापडलेलं. मांदेली माशासारखं सोनेरी, म्हणून हे नाव. दोन महिन्यांची झाली, दात फुटले, आणि नेमका श्रावण आला.

प्रेमाने तिलाही श्रावण पाळायला लावला. दूधभात. मांदेलीचं पोट बिघडलं, फासळ्या मोजता यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, वाढतं पिल्लू आहे, दूधभातावर नाही निभायचं. मासळी द्या नाहीतर चिकन, बिनमिठाचं उकडून, दिवसातून चारदा, थोडं थोडं. दुकानातलं खाणं आणलं तर पाकिटावर मासा छापलेला. तेही माळ्यावर गेलं.

मग मला दुपारी स्वप्न पडलं. पडलं म्हणजे, मीच पाडलं.

चहाच्या वेळी प्रेमाला सांगितलं, आपल्या गावचा रवळनाथ पांढऱ्या घोड्यावरून खिडकीशी आला होता. मागोमाग अख्खी खाडी वर चढली. हिरवं पाणी घरभर, पंख्याभोवती बांगडे फिरतायत, आणि भिजत कोणीच नाही. मांदेली देवाच्या पागोट्यात बसलेली. देव विचारतो, "माज्या राज्यात उपाशी कोण ऱ्हवला?"

प्रेमा तांदूळ निवडत होती. "आई, घोडा चौथ्या मजल्यावर आला कसा?"

"लिफ्ट बंद होती गं. उडी मारली त्याने."

ती हसली नाही. तांदूळ निवडत राहिली.

संध्याकाळी मांदेलीला मांडीवर घेतलं, तर रुमालाएवढं वजन. म्याव करायचंही सोडलं होतं तिने. मग मात्र मी खरोखर गाऱ्हाणं घातलं. बा रवळनाथा, तुझ्या नावावर थाप मारली, तिची शिक्षा मला दे, ह्या पिल्लाला नको.

सकाळी प्रेमा फोडणीवरची नजर न काढता म्हणाली, "पहाटे माझ्याही स्वप्नात आले ते. म्हणाले, मांजराला श्रावण नसतो. पण ओट्यावर नाही, गॅलरीत वेगळ्या शेगडीवर. आणि भांडं सासूने घासायचं."

मी विचारलं, "घोडा होता?"

"होता. दमलेला दिसत होता."

आता रोज गॅलरीत बांगडा उकडतो. मी काटे काढते, बोटाने कुस्करून भरवते. मांदेली डोळे मिटून खाते आणि खाता खाता वाढते. शपथेवर सांगते, काल शेपूट माझ्यादेखत दोन बोटं लांब झालं. ऊन ग्रीलमधून हिरवं हिरवं आत येतं, माझाही डोळा लागतो, आणि पंख्याभोवती काहीतरी चमकत फिरतं.

ग्रीलला खुराएवढा पोचा आलाय. तो काही मी पाडलेला नाही.