पोशेऱ्याचं भात

जगनदादा त्या वर्षी निवडून आला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको. मुंबईचा फंडही पैसे दुप्पट करून सुखरूप निघून गेला. गेली ती फक्त आमची खोडाळ्याची भातगिरणी. मला त्याचा राग अजून येतो आणि तो कमी व्हावा असं मुळीच वाटत नाही.

आम्ही जव्हारचे. अब्बांनी खोडाळ्याच्या बाजाराजवळ गिरणी टाकली. त्यांच्यामागे मी आणि माझा धाकटा भाऊ मंसूर ती चालवत होतो. गिरणीला लागून एक मोठी खोली होती. जवळच्या पोशेरा गावची माणसं भात झोडून झालं की वीटभट्ट्यांवर जायची, भिवंडीकडे, वसईकडे. मागे घर रिकामं, आणि रिकाम्या घरात उंदरांचं राज्य. म्हणून वर्षाचं भात ती आमच्या खोलीत ठेवून जायची. पावसाच्या तोंडाला परत आली की लागेल तसं न्यायची, आमच्याकडेच भरडायची. कोंडा आणि थोडी कणी आम्हाला. पावती नाही, भाडं नाही. अब्बांच्या वेळेपासून असंच चालत होतं आणि एक पोतं कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं.

नवं यंत्र घ्यायला आम्ही एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं. कंपनी तेव्हा लहान होती. तिचा जुना मॅनेजर पावसाळ्यात हप्ता मागायचाच नाही. पावसात गिरणी बसून असते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दिवाळीनंतर तो सगळं एकदम घ्यायचा.

मग त्या कंपनीत मुंबईच्या फंडाने मोठा हिस्सा घेतला. फंड म्हणजे काय ते मला मंसूरने समजावलं. देशोदेशीच्या श्रीमंतांचे पैसे गोळा करायचे, चालत्या कंपनीत घालायचे, चार-पाच वर्षांत कंपनी फुगवायची आणि हिस्सा विकून मोकळं व्हायचं. सांगताना स्वारी अशी खुशीत होती, जसं काही त्या श्रीमंतांच्या पंगतीत याचंही पान मांडलंय.

जुना मॅनेजर गेला आणि जगनदादा कंपनीचा संचालक झाला. दादा जिल्हा परिषदेचा सदस्य, डोळा आमदारकीवर. फंडाला कर्जदारांची तोंडं बंद ठेवणारा माणूस हवा होता, दादाला निवडणुकीला पैसा हवा होता. लगेच दादाच्या मेहुण्याची त्याच कंपनीच्या कर्जातून जव्हारच्या रस्त्याला मोठी गिरणी उभी राहिली. ती चालायची तर तिला भात पाहिजे, आणि भात आमच्यासारख्या लहान गिरण्यांकडे. पुढचं शेंबडं पोरही सांगेल.

दिवाळीनंतर फंडाचे दोन लोक दादाबरोबर गिरणी बघायला आले. मंसूरला कर्ज वाढवून हवं होतं. खोली पोशेऱ्याच्या भाताने भरलेली. हा माल कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मंसूर गडबडला. दादाने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, गिरणीतला माल गिरणीचाच असणार की. मंसूरने मान हलवली. बस, तेवढ्यावर ते भात गिरणीचं म्हणून कर्जाच्या तारणात लिहिलं गेलं. मी यंत्रापाशी होते, पट्ट्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. जेवताना त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला. तुझ्या बापाचं होतं का ते भात, असं मी त्याला विचारलं. बाप माझाही तोच, हे रागाच्या भरात लक्षात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी जव्हारला कंपनीच्या ऑफिसात गेले. भात आमचं नाही, लोकांचं आहे, दुरुस्त करा, असं सांगितलं. त्यांनी चहा पाजला. बघतो म्हणाले.

त्यांनी बघितलंच. नव्या मॅनेजरने पावसाळ्यातल्या हप्त्यांवर दंड लावला होता, दंडावर व्याज. होळी झाल्यावर ते जप्तीचा कागद घेऊन आले आणि गिरणीला, खोलीला सील ठोकून गेले. ज्यांचं भात होतं ते तेव्हा भट्टीवर चिखल तुडवत होते.

पाऊस जवळ आला तशी माणसं परतली. सगळ्यांच्या आधी सकूबाय आली. नवरा गेल्यापासून ती एकटीच भट्टीवर जायची. तिने सीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, मंसूरची मान हलली तेही सांगितलं. तिने सील बोटाने चाचपलं आणि ती वळून चालू लागली. पोशेऱ्याचाच तुका मात्र आमच्या दारात थुंकला. गावाकडच्यांना फसवायला शहरातल्यांना काय लागतं, म्हणाला. पावसाचे चार महिने त्यांनी काय खायचं होतं?

मी दादाच्या घरी गेले. त्याने मला ओट्यावर उभं ठेवलं आणि फोनवर बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "मुनिराताई, लोकांची काळजी मला आहे. तुम्ही घरी जा."

आठवड्याने खोडाळ्याच्या बाजारात मांडव पडला. स्पीकर लागला. दादाच्या विनंतीवरून कंपनी गरिबांना मोफत धान्य वाटणार होती. स्टेजवर रचलेली पोती मी लांबूनच ओळखली. पोशेऱ्याचंच भात. त्यांचंच त्यांना दान द्यायचं, फोटो काढायचे, आणि दिवाळीआधीच्या निवडणुकीत मतं घ्यायची. वर भरडायला मेहुण्याच्या गिरणीत या, पहिल्या खेपेला निम्मा दर, हेही स्पीकरवरून सांगून झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची आग झाली. मंसूर हार घेऊन स्टेजच्या पायरीशी उभा होता. दादाने त्याला तसं सांगितलं होतं आणि तो उभा राहिला होता.

पहिलं नाव सकूबायचं पुकारलं. ती वर गेली. दादाने पोत्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. सकूबायने हात पुढे केलाच नाही.

"ह्या माजं भात हाय," ती म्हणाली. "तुज्याकडं मी ठेवलंच नवतं. मुनिराबायकडं ठेवलेलं. तिच्याच हातून घेईन."

माइक चालू होता. सगळ्या बाजाराने ऐकलं. दादा हसला. आजी, कुणाच्याही हातून घे, भात तेच ना, म्हणाला. सकूबाय पोत्याशेजारी खाली बसली. दादाने पुढचं नाव पुकारलं, तुकाचं. तुका जागचा हलला नाही. तिसरं नाव झालं, चौथं झालं. पोशेऱ्याची सगळी रांग मांडवात बसून राहिली. स्टेजवर बसलेले फंडाचे ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी दादाने मला वर बोलावलं. मंसूरच्या अंगावरून जाताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दादा मात्र बाजूला होईना. माझ्याबरोबर त्यालाही फोटोत यायचं होतं. पोत्यावरचा हात त्याने तसाच ठेवला.

"हात काढा," मी म्हणाले.

"ताई, कार्यक्रम आपलाच आहे."

"हात काढा, दादा. हे भात त्यांनी माझ्याकडे ठेवलंय."

त्याने हात काढला. सकूबाय उठली. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पोतं धरलं आणि पायऱ्यांवरून खाली आणलं. मग मी परत वर गेले. अजून पुष्कळ पोती होती.