पाटीची डावी बाजू

आमचे हे पेंटर. नाव मी घेत नाही. भानुमतीबाई त्यांना रामकिसन म्हणत. मी सरूबाई.

निजामाच्या राज्यात यांचं शिक्षण उर्दूत झालं आणि बारा वर्षं पाट्याही उर्दूतच रंगवल्या. पोलीस ॲक्शन झाली, वर्षभरात औरंगाबादेत जो तो मराठी पाटी मागू लागला आणि मराठी वाचता येत असलं तरी लिहायचा सराव नसलेले हे हातावर हात ठेवून बसले. अखेर औरंगपुऱ्यात मुलींची शाळा काढणाऱ्या भानुमतीबाईंनी पाटीसाठी एक कोरा पत्रा आणि निरोप धाडला. ‘कन्या शाळा’ लिहा, उद्या सकाळी उद्घाटन आहे. जमलं तर सातही वर्गांच्या पाट्या तुमच्या, नाही तर जालन्याचा पेंटर बोलावते.

दुपारपर्यंत पाटी झाली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, लाल रंग बघूनच मी खूश. हे मात्र चार पावलं मागं सरकले आणि मटकन खाली बसले. हाताला उर्दूसारखं उजवीकडून लिहायची बारा वर्षांची सवय. ‘कन्या’ उजव्या टोकाला लिहिलं होतं आणि ‘शाळा’ डावीकडं.

“रंग वला हाय तवर तारपिनानं पुसता येतं,” हे म्हणाले. “बाटली दे.”

बाटली रिकामी होती. आठवडाभर मी त्यात कापूर घालून गुडघ्याला चोळत होते. सांगितलं तसं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. यांनी बाटली उलटी करून पाहिली आणि मला रडू आलं.

तसाच गुडघा ओढत मी गुलमंडीवर अत्ताराकडं गेले. म्हातारे चाचा बाटली भरता भरता सांगत होते की पहाडात चीड नावाचं झाड असतं, त्याला खाच पाडून डिंक काढतात आणि तो भट्टीवर चढवला की हे तेल निघतं. रंगवालेही हेच नेतात आणि दुखण्यावालेही. मी म्हटलं, आमच्या घरात दोन्ही आहेत.

यांनी चिंधी भिजवून पुसलं, पत्रा कोरा झाला. मग ब्रश उचलला, तर हात पुन्हा उजवीकडंच निघाला.

“अगं, तू डावीकडं हुबी ऱ्हा,” हे म्हणाले. “तुझ्यापासून सुरू करतो.”

गुडघा लई ठणकत होता, पण पाटी पुरी होईपर्यंत मी हलले नाही. सकाळी भानुमतीबाईंनी ती वाचली आणि सात पत्रे पाठवून दिले.

प्रत्येक पाटीला मी डावीकडं. पहिलं अक्षर माझ्याजवळ उमटायचं आणि हे त्याचं नाव सांगायचे. ‘सहावा’ लिहिताना म्हणाले, हा स, तुझ्या नावातला. ‘सातवा’च्या वेळी त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, “सांगू नगा. माझाच स हाय.”