भुईला न टेकलेला दुपट्टा

मित्रांनो, सोनीबाईच्या घरी दारामागच्या खुंटीवर एक जुना दुपट्टा टांगलेला असतो, तोच मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता रंगाचं काही विचारू नका. एक कोपरा उंदरानं कुरतडला आहे, लाल काठाचा एक दोरा सुटून लोंबतो, आणि मधोमध एक फिकट पिवळा डाग आहे. जवळून पाहिलं तरच दिसतो. तो डाग ज्याचा आहे त्याची मला अजून आठवण येते, म्हणून तर बोलायला बसलो. नाहीतर कापडानं कशाला तोंड उघडावं?

माझा जन्म आरमोरीचा. लटारूभाऊ नावाच्या म्हाताऱ्या विणकराच्या मागावर मी विणला गेलो. घडी घालता घालता ते म्हणाले होते, "जाय बाबू. लगनात जातं का मयतीत, तुह्या नशिबात काय हाये, मले काय मालूम!" मला तेव्हा हसू आलं होतं. मला लग्नातच जायचं होतं. आमच्या झाडीपट्टीत पाहुण्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, की तो माणूस मोठा झाला असं समजतात. मोठं करणारा मीच, असा माझा ताठा होता.

धानोऱ्याच्या आठवडी बाजारातून गावकऱ्यांनी वर्गणी करून मला विकत घेतलं. गाव धानोऱ्यापासून आत जंगलात आहे, तीस-पस्तीस घरांचं. धान पिकवायचा, मोह वेचायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, हा तिथला क्रम. त्या गावातला दिनेश तालुक्याच्या बॉक्सिंग स्पर्धेत पहिला आला होता आणि आता जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी गडचिरोलीला निघाला होता. गावाच्या इतिहासात पेपरात नाव आलेला तो पहिलाच माणूस. मग गावानं मान करायचा नाही तर काय करायचं?

दिनेशला शिकवणारे देवाजी. ते शाळेच्या वसतिगृहावर चौकीदार होते. तरुणपणी चंद्रपूरला कोळसा खाणीच्या वसाहतीत ते बॉक्सिंग शिकले होते आणि त्यांचं चपटं नाक त्याची साक्ष देत होतं. रेती आणि कोंडा भरलेलं एक पोतं त्यांनी मोहाच्या फांदीला टांगलं होतं. धान मळून रिकाम्या झालेल्या खळ्यावर चार बांबू रोवून त्यांना दोर बांधला होता. हाच त्यांचा आखाडा. देवाजींच्या खांद्यावर नेहमी एक फाटका टॉवेल असायचा. दिनेशनं एकदा विचारलं, "भाऊ, हे फडकं काऊन वागवता?"

"हे फडकं नोहे, बाबू," देवाजी म्हणाले. "पोरगा मार खाऊन राह्यला, त्याले झेपून नाई राह्यलं, असं दिसलं का वस्तादानं हा टॉवेल रिंगणात फेकाचा. टॉवेल पडला का लढत खतम. कोणाचं काई चालत नाई मंग."

"माह्यासाठी नाई लागणार तुम्हाले," दिनेश हसून म्हणाला. त्याचं हसू मोठं गोड होतं. समोरचा अर्धा दात तुटलेला होता आणि हसताना तो जीभ त्या फटीत घालायचा.

निघायच्या आदल्या सकाळी सगळं गाव देवाच्या झाडाखाली जमलं. बुधूभाऊ हे गावाचे गायता. पेरणीआधीची पूजा त्यांच्या हातची, आणि त्यांचा शब्द गावात शेवटचा. त्यांनी मला देवापुढे ठेवलं, तांदूळ वाहिले, आणि देवाजींच्या खांद्यावर टाकत म्हणाले, "देवाजी, हा गावाचा मान हाये. भुईले टेकू देऊ नोको."

मित्रांनो, इथंच सगळं चुकलं. तेव्हा ते कुणालाच कळलं नाही. आमच्याकडे खांद्यावरचा दुपट्टा काढून दुसऱ्यापुढे भुईवर टाकणं म्हणजे अख्ख्या गावानं पाय धरल्यासारखं असतं. देवाजींनी मला कपाळाला लावलं. आपला फाटका टॉवेल त्यांनी घरीच खुंटीवर ठेवला. मानाचा दुपट्टा असताना ते फडकं कशाला, असं त्यांना वाटलं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मलाही तसंच वाटलं.

गडचिरोलीत पहिल्या दिवशी दिनेशनं दोन लढती मारल्या. दुसऱ्या लढतीत त्याच्या कानामागे एक ठोसा बसला. संध्याकाळी शाळेच्या खोलीत तो मला डोक्याला घट्ट बांधून पडला होता. हळूच म्हणाला, "भाऊ, डोकं जड वाटून राह्यलं. कोणाले सांगू नोका. उद्या झालं का मंग घरी जाऊन निजतो."

देवाजींनी त्याच्या कपाळाला बाम चोळला. त्यांना पोराचं सोनं करायचं होतं, आणि पोराला गावाचं. दोघंही एकमेकांपायी गप्प बसले. मी तर कापड. त्याच्या शिरा माझ्याखाली ठणकत होत्या, त्या मला कळत होत्या. पण मी कुणाला सांगणार?

दुसऱ्या दुपारी अंतिम लढत होती. गावातून दोन गाड्या भरून माणसं आली होती. बुधूभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. आयोजकांच्या फलकावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका असं ठळक लिहिलेलं होतं. डॉक्टर उद्घाटनाचा हार घेऊन केव्हाच गेले होते आणि ती गाडी बक्षीस वाटायला येणाऱ्या पाहुण्यांना आणायला पाठवली होती. कुणी विचारलं नाही. देवाजींनीही नाही.

पहिली फेरी बरोबरीत गेली. दुसऱ्या फेरीत त्याच कानामागे पुन्हा ठोसा बसला. दिनेश पडला नाही, पण त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात फसलेल्या माणसासारखा तो एकेक पाय उचलून टाकू लागला. त्यानं आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती.

देवाजींचा हात माझ्यावर आला. मूठ आवळली गेली. मला खांद्यावरून ओढलं गेलं, अर्धा मी हवेत आलो. मग देवाजींनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बुधूभाऊ उभे राहून ओरडत होते, सारं गाव दिनेशचं नाव घेत होतं. मूठ सैल झाली. मी पुन्हा खांद्यावर गेलो.

तिसऱ्या फेरीतही एकदा ती मूठ आवळली. पुन्हा सुटली.

घंटा झाली. दिनेश चालत कोपऱ्यात आला, स्टुलावर बसला. "भाऊ, पाणी," म्हणाला. पेला ओठाला लागायच्या आधीच तो देवाजींच्या अंगावर कलंडला. गाडी शोधण्यात अर्धा-पाऊण तास गेला. दवाखान्यातून नागपूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये माझी घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली होती. ब्रह्मपुरीच्या पुढे, दिवेलागणीच्या सुमारास, माझ्यावरचं त्याचं डोकं एकदम जड झालं. लढत कुणी जिंकली ते त्या जीपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

दिनेशचे दिवस झाले त्या दुपारी देवाजी त्याच्या घरी आले. त्याची आई सोनीबाई ओट्यावर बसली होती, शेजारी तिची धाकटी लेक रंजीता. बुधूभाऊ आणि गावातली माणसं अंगणात होती. देवाजींनी माझी घडी सोनीबाईपुढे ठेवली आणि मान खाली घातली.

सोनीबाई रडली नाही. तिनं विचारलं, "भाऊ, नांगराचा बैल मटकन बसला त आपुन पह्यले काय करतो?"

"जू सोडतो, बाई."

"मंग माह्या लेकाचं जू काऊन नाई सोडलं तुम्ही?"

देवाजींनी माझ्या घडीवर हात ठेवला. म्हणाले, "बाई, दोन खेपा हात गेला माहा. पण दुपट्टा गावाचा होता."

"अन् दिनेश कोणाचा होता?" सोनीबाई म्हणाली.

बुधूभाऊंनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

त्यानंतर तीन वर्षं मी खुंटीवर काढली. पोतं फाटून रेती सांडून गेली, दोर कुणीतरी बैल बांधायला नेला. देवाजी शाळेवरून सरळ घरी जात आणि सोनीबाईच्या दारावरून जायचं टाळत. उंदरानं माझा कोपरा खाल्ला त्याचं मला काही वाटलं नाही. सोनीबाई मला कधी धूत नसे. त्या डागात दिनेशचा घाम होता. मोहाच्या दिवसांत ती पहाटे फुलं वेचायला निघाली की आधी माझ्याजवळ यायची, मला नाकाशी धरायची आणि मग टोपली उचलायची. मीही तेवढ्यासाठी जगत होतो. त्या अर्ध्या तुटक्या दाताचं हसू पुन्हा एकदा दिसावं, घामेजलेली ती मान पुन्हा एकदा पुसायला मिळावी, एवढंच मला वाटे. आणि त्याहून जास्त वाटे, की त्या दुपारी मी घरंगळलो असतो तर! वाऱ्यानं म्हणा, ओझ्यानं म्हणा, कसाही पडलो असतो तर! मान मिरवायच्या नादात मला साधं पडताही आलं नाही.

आणि एके दिवशी रंजीता नव्या पोत्यात रेती भरताना दिसली. सोनीबाईनं ते पोतं विळ्यानं फाडलं. रंजीतानं दुसरं शिवलं. देवाजींनी शिकवायला साफ नकार दिला. तेव्हा ती एकटीच चुकीचे ठोसे मारत राहिली, मनगट सुजवून घेत राहिली. पोरगी भावासारखीच हट्टी. महिनाभर हे पाहिल्यावर सोनीबाई एका सकाळी मला घेऊन देवाजींच्या दारात गेली. वाटेत बुधूभाऊ भेटले, तेही मागोमाग आले.

"पोरगी काई ऐकून नाई राह्यली," सोनीबाई म्हणाली. "चुकीचं शिकून मरन. त्यापरीस तुम्ही शिकवा. पण हा घ्या. अन् येळ आली त टाका. लाज नोका धरू."

देवाजींनी हात पुढे केला नाही. बुधूभाऊ पुढे झाले. त्यांनी मला घेतलं आणि सगळ्यांदेखत भुईवर टाकलं, धुळीत. मग उचलून, न झटकता, देवाजींच्या खांद्यावर ठेवलं. "टेकला एकदाचा भुईले," ते म्हणाले. "आता याले काई मान नाई. तुमचा हात मोकळा हाये, देवाजी." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दीड वर्षानं चंद्रपूरला रंजीताची लढत होती. सोनीबाई या वेळी स्वतः आली होती. ग्लोव्ह बांधण्याआधी देवाजी आयोजकांच्या टेबलाशी गेले. "डॉक्टर कुठी हाये? गाडी कुठी हाये? गाडीचा डायवर कुठी हाये?" डायवर चहा प्यायला गेला होता. तो येईपर्यंत देवाजींनी रंजीताला रिंगणात चढू दिलं नाही. लोक हसले. देवाजींनी त्यांना हसू दिलं.

रंजीता छान खेळली. गुण तिचेच जास्त होते. शेवटच्या फेरीत मात्र एक ठोसा तिच्या हनुवटीवर बसला. ती सावरली, पंचांना मान डोलावून दाखवली, मुठी वर केल्या. पण तिचा डावा पाय जागेवर नीट टेकत नव्हता. तो पाय मी ओळखला. देवाजींनीही ओळखला.

मूठ आवळली गेली आणि मित्रांनो, मी उडालो. दोरावरून, दिव्यांखालून, सगळ्या गर्दीच्या डोळ्यांसमोरून उडालो आणि रिंगणाच्या मधोमध पडलो. माझ्यावर कुणाचा तरी बूट पडला. पंचांनी दोन्ही हात हलवले. लढत थांबली.

रंजीता चवताळली. "मी उभी होती ना! मी जितून राह्यली होती! काऊन टाकला?" डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारत होते तेव्हाही ती देवाजींना बोलतच होती. परतीच्या एसटीत ती वेगळ्या बाकावर बसली. घरी आल्यावर जेवायला उठेना, भिंतीकडे तोंड करून बसली. देवाजी दारात कानकोंडे होऊन उभे होते. "सोनीबाई, पोरगी लय रुसली माह्यावर," ते म्हणाले.

सोनीबाई चुलीपाशी बसून लेकीच्या पाठीकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा होता. "रुसू द्या, भाऊ," ती म्हणाली. "रुसाले माणूस घरी याव लागते."

दुसऱ्या सकाळी तिनं मला नाल्यावर नेऊन धुतलं. चार-साडेचार वर्षांत पहिल्यांदा. बुटाचा ठसा गेला, धूळ गेली, आणि तो वासही गेला. मला रडू आलं, तिलाही आलं. डाग मात्र पुरता निघाला नाही. वाळल्यावर रंजीतानं न विचारता मला ओढलं, तोंड पुसलं आणि गळ्यात टाकून ती खळ्याकडे पळाली. देवाजी तिथं आधीच येऊन उभे होते.

मित्रांनो, लढणाऱ्याला कुणीतरी सांभाळणारा लागतो, कारण लढताना त्याला स्वतःचा जीव दिसत नाही. तुमच्या खांद्यावर असा एखादा दुपट्टा आला, तर त्याची घडी जपत बसू नका. मूठ आवळली की टाका. लोक हसतील, पोरगं रागावेल, कापड मळेल. मळलेलं कापड सोनीबाई नाल्यावर धुऊन आणते. दिनेशला मात्र ती कुठून आणणार?